ठिपके, बाण आणि पोळ्याची कर

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा सर्व्हेवाल्यांचं पीक जोमात होतं. कापसाचा भाव पडला की आठवड्याभरात कुठून तरी जीप यायची, त्यातून पाठीला पिशव्या लावलेली माणसं उतरायची आणि दिसेल त्याला विचारायची, "तुम्हाला कसं वाटतं?" नेरच्या एका म्हाताऱ्यानं त्यातल्या एकाला ऐकवलं होतं, "तुमच्या आंधी तिघं येऊन गेले. मले कसं वाटते, थे त्याह्यलेच इचारा." मीही त्याच पिकातली, फक्त जीपऐवजी एसटीनं फिरणारी आणि इथल्याच मातीतली. मला कुणी ऐकवलं तर मी दोन शब्द परत ऐकवत असे. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. आई म्हणायची, हिला सर्व्हेला पाठवू नका, लोक हिचाच सर्व्हे करतील.

माझं काम होतं नकाशा काढायचं. रस्त्यांचा नव्हे, मदतीचा. झोपेच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, दुखणं मारायची इंजेक्शनं यांत अडकलेल्या माणसांना जिल्ह्यात कोण कोण हात देतं, आणि ते एकमेकांच्या ओळखीचे तरी आहेत का, हे शोधायचं. यवतमाळच्या एका लहानशा संस्थेनं मला त्यासाठी नेमलं होतं; नकाशा पुढं सरकारला जायचा होता. पद्धत सोपी होती. मदतीचं प्रत्येक ठिकाण म्हणजे कागदावर एक ठिपका. एका ठिकाणाहून दुसरीकडे माणूस पाठवला जात असेल तर तसा बाण. ज्या ठिपक्यावर जास्त बाण येऊन पडतील तो मोठा करायचा. यवतमाळातच घरमालकीण काकूंच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायची. तिथं फरशीवर चार्ट पेपर पसरून, पोटावर पडून मी हे ठिपके काढत असे. डोक्यावरचा पंखा इतका संथ फिरायचा की त्याची पाती मोजता यायची. घाम टपकून काही ठिपके आपोआपच मोठे व्हायचे.

आमच्या साहेबांचे दोन नियम होते. पहिला, सर्व्हे करणाऱ्यानं स्वतःला नकाशात घालायचं नाही. "आपण मोजपट्टी आहोत," ते म्हणायचे, "मोजपट्टी स्वतःला मोजत नसते." दुसरा, जे उत्तर कुठल्याच चौकटीत बसत नाही त्याच्यापुढे ९९ लिहायचं. ९९ म्हणजे उत्तर नाही. सर्व्हेच्या छापील अर्जातला सातवा प्रश्न होता, "जीव घाबरला, राहवेनासं झालं, तर कोणाकडे जाता?" कधी कधी समोरचा माणूस हसून म्हणायचा, "तुमच्याकडंच येईन, ताई." मला मनातून बरं वाटायचं. मग मी नियमाप्रमाणे ९९ लिहायचे आणि आठव्या प्रश्नाकडे वळायचे.

आधी मी मदत करणाऱ्यांचा नकाशा केला, निळ्या पेनानं. दवाखाने, समुपदेशनाची केंद्रं, एक-दोन खाजगी डॉक्टर, एक महिला मंडळ. प्रत्येक जण मोठ्या उत्साहानं सांगायचा की आम्ही माणूस अमक्याकडे पाठवतो. अमका सांगायचा, आम्ही तमक्याकडे. तमका परत पहिल्याचं नाव घ्यायचा. कागदावर इतकी देखणी गोल रांगोळी उमटली की साहेबांनी ती भिंतीला लावली. मग मी नशा करणाऱ्यांना, आणि ती सोडू पाहणाऱ्यांना विचारत फिरले आणि त्यांच्या उत्तरांचा लाल नकाशा केला. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले तर लाल बाण निळ्या रांगोळीला शिवतच नव्हते. ते सगळे तिच्या बाहेरून जाऊन एका कोपऱ्यात गोळा झाले होते. तो कोपरा म्हणजे नेर, आणि तिथलं एक गादी भरायचं दुकान.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मालक साठीचे, पिढ्यान्‌पिढ्या रुई पिंजणाऱ्या मुसलमान घरातले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्या वर्षांत त्यांना दम घ्यायला फुरसत नव्हती. कापूस विकून हाती काही येईना, तेव्हा घरोघरच्या बायकांनी ठरवलं होतं की निदान गाद्या तरी भरून घेऊ, आपल्याच कापसावर झोपू. लोक जिनिंगमधून रुई काढून आणायचे आणि चाचांच्या दारात गाठोडी रचून जायचे.

आत पिंजायचं यंत्र होतं, आणि भिंतीला पाठ लावून चार-पाच माणसं जुन्या गाद्यांची घट्ट झालेली रुई बोटांनी मोकळी करत बसलेली असायची. सगळ्यांनी दुपट्ट्यानं नाक-तोंड बांधलेलं, नाहीतर रुईचं तूस घशात जातं. त्यामुळे कुणी बोलत नसे, आणि कोण बसलंय ते दारातून कळत नसे. सगळे सारखेच पांढरे. या दुकानाची खुबी हीच होती, पण ती कळायला मला वेळ लागला. आमच्या निळ्या ठिकाणी माणसाला आधी नाव विचारायचे, मग बोलायला लावायचे. इथं नाव झाकलेलं आणि तोंड बांधलेलं.

"चाचा, तुम्ही यांना नक्की काय मदत करता?" मी अर्ज उघडून विचारलं.

"काही नाही बेटा. मी गाद्या भरतो."

"मग हे इथं काहून येतात?"

"हात कापत असले तरी रुईले फरक पडत नाही," चाचा म्हणाले. "शिवायले बसवलं त टाका वाकडा जाते. रुई मोकळी करायले कापता हातच बरा."

मी ते शब्दशः लिहून घेतलं. चौकटीत ते बसलं नाही, पण मला काय आनंद झाला!

तिथं पहिला आलेला माणूस मोटारी बांधणारा मिस्त्री होता. पस्तिशीचा, शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची तार नव्यानं गुंडाळण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. आधी कंबरदुखीची इंजेक्शनं, मग नुसतीच इंजेक्शनं, वर गोळ्या आणि दारू, असं करत हात इतके कापायला लागले की तार सुटायची. बायको लेकीला घेऊन केळापूरला माहेरी निघून गेली होती. चाचांच्या यंत्राची मोटार दुरुस्त करायला तो आला, त्याला ती जमली नाही, आणि चाचांनी त्याला जाऊ न देता रुईपुढे बसवलं. दोन महिने झाले, तो बसलेलाच होता. चाचांची मोटार त्यानं नंतर बांधून दिली.

त्याची मुलाखत तासभर चालली. दुपट्टा उतरवून तो मोकळं बोलला. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही सगळ्याह्यचं इचारता. तुमचं काही बिघडलं असल त सांगा." मी म्हटलं, माझा पंखा बिघडलाय. त्यानं पत्ता मागितला, मी कागदाच्या कपट्यावर लिहून दिला, आणि विसरून गेले. एक गोष्ट मात्र मी विसरले नाही. बायकोनं त्याला निरोप पाठवला होता: पोळ्याची कर कोरडी गेली तर गणपतीला मी येते, नाहीतर कायमची इथंच.

पोळ्याचा दिवस बैलांचा. दुसऱ्या दिवशीची कर ही माणसांची. आमच्याकडे त्या दिवशी पिणं आणि पत्ते हा जणू कुळाचार. वर्षभर न शिवणाराही त्या दिवशी म्हणतो, आज कर आहे. बाईनं अट घालायला बरोब्बर दिवस निवडला होता.

आता माझी करामत ऐका. मी तो लाल-निळा नकाशा मोठ्या ऐटीत बैठकीत मांडला. म्हटलं, बघा, जिल्ह्यातला सगळ्यात मोठा ठिपका एका गादीवाल्याचा आहे! टाळ्या पडल्या. साहेब इतके खूश झाले की चाचांना ताबडतोब जाळ्यात जोडून घ्यायचं ठरलं. निळ्या ठिकाणांना पत्रं गेली की गरजूंना नेरला पाठवा. चाचांसाठी आवक-जावक वही गेली. आणि पोळ्याच्या चार दिवस आधी एक निळी पत्र्याची पाटी जाऊन दुकानावर बसली: व्यसनमुक्ती सहाय्य केंद्र. पाटीवरचा मजकूर कुणी लिहून दिला? मीच. अक्षराची लांबीरुंदीसुद्धा मीच सांगितली होती.

पहिला माणूस चिठ्ठी घेऊन आला, 'मा. केंद्रप्रमुख' असं वर लिहिलेली. चाचांना वाटलं गिऱ्हाईक आहे. त्यांनी विचारलं, सिंगल की डबल? तो म्हणाला, मी एकटाच आहे. चाचांनी त्याच्यासाठी सिंगलचं कापड फाडलं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं लोकांना सांगून हसवत आले आहे. त्या वेळी मात्र मी हसले नाही, कारण तेव्हा दुकानात चाचांशिवाय कुणी नव्हतं. पाटी लागली त्याच दिवशी भिंतीपाशी बसणारे सगळे उठून गेले होते. दुपट्टा बांधून काय उपयोग, वर पाटीच सांगत होती की आत कोण बसलंय. गिऱ्हाइकंही कमी झाली. लेकीच्या लग्नाची गादी असल्या पाटीखाली कोण भरून घेईल?

"बेटा," चाचा म्हणाले, "थे वही तू घेऊन जाय. त्यात मी कोणाचं नाव लेहू? मले तर कोणाचं नावच माहीत नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी भांडू शकले असते. त्यांनी मला चहा पाजला, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की चहाची चवही कळली नाही.

मिस्त्रीसुद्धा गेला होता. पाटी लागल्यापासून तो कुणाला दिसला नव्हता.

पोळ्याला मी काकूंकडे पुरणपोळी खाल्ली, पण लक्ष ताटात नव्हतं. करीच्या दिवशी पहिल्या एसटीनं नेर गाठलं. मिस्त्रीच्या खोलीला कुलूप. रस्त्यात जागोजागी पत्त्यांचे डाव मांडलेले आणि सकाळी आठलाच जिभा जड झालेल्या. चाचांनी दुकान उघडलं होतं, एकटेच बसले होते. म्हणाले, "दिवस निंगाच्या वक्ती इकडून गेला. हातात पिशवी होती. मी हाक मारली, त पाटीकडे पाह्यलं अन् चालला गेला." स्टँडवरच्या चहावालीनं सांगितलं, "मिस्त्री ना? यवतमाळच्या गाडीत बसला. पिशवी भल्ली जड होती बाप्पा, उचलल्या जाऊन नोती राह्यली." आमच्या गाड्या वाटेत कुठंतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

करीच्या सकाळी जड पिशवी घेऊन माणूस गाव सोडतो याचा अर्थ मला एकच लागला: पिशवीत बाटल्या. मी बाकावर बसून त्याचा अर्ज काढला. सगळ्या अर्जांचा गठ्ठा माझ्या झोळीत कायम असे. म्हटलं, याच कामासाठी तर जाळं काढलंय, बघू याचा बाण कुठं जातो. सातव्या प्रश्नापुढे ९९. मी चिडले. तासभर बोलला आणि नेमकं हेच सांगितलं नाही! मग स्वतःच तर्क लढवला: यवतमाळहून केळापूरकडे जायची गाडी मिळते, तो बायकोकडेच गेला असणार. आणि करीला पिऊन, झोकांड्या खात तिच्या दारात उभा राहिला तर सगळंच संपलं.

यवतमाळला गाडी बदलली. स्टँडपासून माझं घर दहा मिनिटांवर. मनात आलं, घरी जाऊन पाणी पिऊन यावं, पण पांढरकवड्याची गाडी लागलेली दिसली आणि मी धावत जाऊन चढले. तिथून ऑटोनं केळापूर.

तो तिथं नव्हता. अंगणात त्याची बायको पाट्यावर काहीतरी वाटत होती. मला ती ओळखत नव्हती. मी नेरहून आले एवढं म्हटलं, आणि तिचा हात थांबला. "पेले का थे?" तिनं विचारलं. मागे दारात लेकीची पिशवी भरून ठेवलेली होती, वर नवी रिबीन गुंडाळलेली. ती पिशवी बघून मी साफ खोटं बोलले. म्हटलं, नाही, नाही, मी सर्व्हेसाठी आले, असंच घरोघरी फिरतेय. तिनं मला नीट निरखलं. "करीच्या दिवशी सर्व्हे?" ती म्हणाली. मग तिनं मला पाणी दिलं आणि मी तिला सातव्या प्रश्नापर्यंत खरोखर सर्व्हे विचारला, तोंड लपवायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून. "जीव घाबरला तर कोणाकडे जाता?" ती म्हणाली, "जात कुठं नाही. उद्या कळल मले, जायचं का नाही थे."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी रडले. बाहेर दोन्ही अंगांना कापसाची पऱ्हाटी उभी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "रडू नको वं माय, जो कोणी असल थो येतेच वापस." मी तिच्यावर खेकसले आणि मग तिचीच माफी मागून तिच्या पिशवीतले फुटाणे खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू अंगणात उभ्याच होत्या. मला बघताच त्यांनी हात नाचवले.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा! कुठं गेलती वं तू? तुयाकडचा माणूस सकाळपासून येऊन बसला आहे. मिक्सर केला, खालचा पंखा केला, देवघरातला लाइट केला. कालच्या पुरणपोळ्या सहा खाल्ल्या त्यानं, मी मोजल्या नाही म्हणा."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. माझ्या खोलीत, स्टुलावर उभा राहून मिस्त्री माझ्या पंख्याचे नट आवळत होता. खाली फरशीवर त्याची जड पिशवी उघडी होती: पाने, पक्कड, तांब्याच्या तारेचं रीळ. मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात स्थिर होते.

"ताई, कुठं गेलत्या? कधीची वाट पाहून राह्यलो."

मी भडकले. आनंद झाला की मला आधी राग येतो. "सांगून यायला काय झालं होतं भाऊ? सकाळपासून नेर काय, केळापूर काय, मी सगळा जिल्हा पालथा घातला! आज कर आहे, आणि तुम्ही—"

"कर आहे म्हणूनच आलो," तो स्टुलावरून उतरत म्हणाला. "नेरमंदी राह्यलो असतो त पेलो असतो. चाचाच्या दुकानात त आता बसता येत नाही." मग तो जरा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "अन् सांगतलं होतं ना ताई. तुम्हीच इचारलं होतं, जीव घाबरला त कोणाकडे जाता. मी म्हणलं होतं, तुमच्याकडं. तुम्ही लेहून घेतलं."

झोळी अजून खांद्यालाच होती. मी त्याचा अर्ज काढला आणि दिव्याखाली धरला. सातव्या प्रश्नापुढे माझ्याच वळणदार अक्षरात ९९. उत्तर नाही. दिवसभर ज्याला मी जिल्हाभर शोधत होते तो, त्यानं सांगितलं होतं तिथंच, वेळेवर येऊन बसला होता.

पुढचं सगळं चांगलंच झालं. दुसऱ्याच दिवशी साहेबांशी कडाक्याचं भांडून मी पाटी उतरवली आणि चाचांचा ठिपका सरकारला जायच्या नकाशातून पुसला. चाचांनी पाटी उलटी करून रुईच्या ढिगाखाली अंथरली, ओल लागू नये म्हणून. एक-दोन करत तोंडं बांधलेली माणसं भिंतीशी परत येऊन बसली. गणपतीला केळापूरची पिशवी नेरला आली, रिबिनीसकट. मला बघून त्याची बायको म्हणाली, "ताई, तुमचा थो सर्व्हे पुरा झाला का?" आणि इतकी हसली की मलाही हसावं लागलं.

पण त्या संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फरशीवर बसले, गठ्ठ्यातले सगळे अर्ज बाहेर काढले आणि सातव्या प्रश्नापुढचे ९९ एकेक करून बघायला लागले. त्यातल्या कुणी कुणी तेच उत्तर दिलं होतं ते आता मला आठवत नव्हतं. मिस्त्रीच्या अर्जावरचे ९९ मी खोडले.

"काय लेहून राह्यल्या?" त्यानं विचारलं.

"तुमचं उत्तर," मी म्हटलं.

तेवढ्यात वर आलेल्या काकूंनी कौतुकानं बटण दाबलं. पंखा असा काही फिरला की निळे-लाल नकाशे आणि सगळे अर्ज खोलीभर उडाले, आणि आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून ते गोळा करत राहिलो.